ल्वार, ल्वार आणि ल्वार!

आधीच सांगते, या लेखात तोल वगैरे काही सांभाळला जाणार नाही. ल्वार नदी बघून आल्यापासून मी घरी, दारी, भाजीच्या गाडीपाशी, सापडेल त्याला धरून हेच सांगतेय, आणि समोरचा घड्याळाकडे बघायला लागला की आणखी जोरात सांगतेय. फ्रान्सची नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सेन येते. आयफेल टॉवर, नोत्र दाम, पुलाखालून जाणाऱ्या काचेच्या बोटी. असू दे, सेनही देखणी आहे. पण त्या देशातली सगळ्यांत लांब नदी आहे ल्वार! हजार किलोमीटरहून थोडी जास्तच. फ्रान्सच्या पाचव्या हिश्श्याहून मोठ्या मुलखाचं पाणी ती पोटात घेते. आणि एवढी मोठी नदी असून, समुद्राजवळचा टप्पा सोडला तर तिच्यात मोठं जहाज चालत नाही, मालाचे तराफे दिसत नाहीत, कारखान्यांची रांग नाही. आहे काय, तर वाळू, बेटं, पक्षी, सायकलवाले, होडीवाले आणि संध्याकाळी काठावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं. मला तर वेडच लागलं.

माझी भाची तूर शहरात शिकते. "मावशी, राजवाडे बघायला ये," असं तिचं टुमणं कधीचं चाललं होतं. राजवाडे बघितलेही. पण पहिल्याच संध्याकाळी तिने मला काठावर नेलं आणि मी तिला म्हटलं, राजवाडे राहू देत गं, ही बाई कुठून आली ते आधी दाखव. तरुण मुलं अशा खुळचटपणाला लगेच तयार होतात. तिने मित्राची गाडी मागून आणली आणि आम्ही थेट आग्नेयेला, आर्देश जिल्ह्याच्या डोंगरात.

मासिफ सेंत्राल हा फ्रान्सच्या पोटातला जुना, ज्वालामुखींनी भाजलेला डोंगराळ प्रदेश. त्यात झेर्बिए-द-जाँ नावाचा एक सुळका आहे, १,५५१ मीटर उंचीचा. माळावर कुणीतरी धान्याची रास ओतून ठेवावी तसा तो एकटाच उभा दिसतो. त्याच्या पायथ्याशी ल्वार उगम पावते, आणि इथेच पहिली गंमत आहे. उगम एक नाही, तीन! एकावर पाटी आहे 'अस्सल', दुसऱ्यावर 'भौगोलिक', तिसऱ्यावर 'खरा'. आसपास मधाच्या बाटल्या, चेस्टनटचा मुरंबा आणि चीज विकणारी दुकानं. एका जुन्या गोठ्यात शिरलं की दगडी कुंड आहे, त्यात एका नळीतून करंगळीएवढी धार पडते. मी हात पुढे केला तर पाणी बर्फासारखं. मागे रांगेत लहान मुलं उभी होती, त्यांनाही हात लावायचा होता, म्हणून बाजूला व्हावं लागलं. नाहीतर मी तिथून हलले नसते.

या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस रोन नदीतून भूमध्य समुद्राला जातो. तो समुद्र इथून दीडशेएक किलोमीटरवर. दुसऱ्या अंगाचा पाऊस मात्र ल्वारच्या हाती लागतो आणि उत्तरेला निघतो, अर्ध्या देशाची फेरी मारून पश्चिमेला अटलांटिकला जाऊन मिळतो. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की फार पूर्वी ही नदी उत्तरेकडेच जात राहायची आणि तिचं पाणी सेनच्या खोऱ्यात उतरायचं. पुढे जमीन खचली-उचलली आणि ओर्लेआँपाशी तिने पश्चिमेकडे वळण घेतलं. पॅरिसपासून सव्वाशे किलोमीटरवर येऊन तिने पॅरिसला चक्क पाठ दाखवली! मला हे फार आवडलं.

उगमापासून थोडं खाली आलात की कोयनेची आठवण आल्यावाचून राहणार नाही. ला पालिस नावाच्या धरणात ल्वारचं कोवळं पाणी अडवतात, ते ज्वालामुखीच्या विवरात तयार झालेल्या इसार्लेस सरोवराच्या पाण्याबरोबर डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यात घालतात आणि पलीकडे मोंपेझाच्या भूमिगत वीजघरात खाली सोडतात. १९५४ पासून हे चाललंय. तिथून ते पाणी आर्देश नदीतून भूमध्य समुद्राला. पूर्वेला जाणाऱ्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरवायचं, तोच हा खेळ. त्या इसार्लेस सरोवराला उन्हाळ्यात पोहायला लोक येतात, छोटा किनारा आहे, पाणी गडद निळं. भाची पोहली. मी गुडघ्यापर्यंत उतरले आणि ओरडून बाहेर आले.

मग खोल दऱ्या लागतात. गुदे नावाचं गाव लागतं, कड्यावर पडका किल्ला आणि खाली कयाक वल्हवणारी पोरं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये गाढवाला घेऊन इथून गेला होता, आजही लोक त्याच्या वाटेने चालतात आणि हौशी मंडळी गाढव भाड्याने घेतात. पुढे ल प्वी शहराजवळ काळ्या दगडाच्या सुळक्यांवर देवळं. पुढे ग्राँजाँचं धरण, १९५७ चं. त्याच्या पाण्याने एका जुन्या किल्ल्याभोवती वेढा घातला आणि किल्ल्याचं बेट झालं. तिथे शिडाच्या होड्या, पोहणं, सगळं आहे. हा सगळा टप्पा आम्ही गाडीतून भराभर केला, त्याबद्दल सवडीने दुसरा लेख लिहावा लागेल.

नव्हेर शहराजवळ आलिए नदी येऊन मिळते आणि इथून ल्वारचं रूपच पालटतं. आलिए जवळजवळ ल्वारएवढीच मोठी आहे, कोण कोणाला मिळालं हा प्रश्न पडावा इतकी. संगमावर उभं राहिलं की खाली पांढरी-पिवळी वाळू, मध्ये बेटं, त्यांवर वाळुंजाची झाडी, आणि पाणी पाच-सहा वाटांनी फुटलेलं. आज एका वाटेने वाहील, पुढच्या पुरानंतर दुसऱ्या. या वाळूमुळेच ल्वारवर मोठी जहाजं चालत नाहीत. म्हणून माणसाने काय केलं? नदीच्या शेजारी तिला समांतर कालवा खणला! १८३८ मध्ये तो पुरा झाला. आणि ब्रिआर गावाशी तर हा कालवा नदीच्या डोक्यावरून जातो. ६६२ मीटर लांब पोलादी पूल, १८९६ चा, त्याचे दगडी खांब आयफेलच्या कंपनीने बांधलेले, आणि पुलावर रस्ता नाही, पाणी आहे. खाली ल्वार रुंद, उथळ, मनास येईल तशी वाहतेय आणि वरून सुट्टीवर आलेलं एखादं कुटुंब भाड्याच्या बोटीत बसून, कॉफी पीत, संथपणे ही नदी ओलांडतंय. अशी बोट चालवायला परवाना लागत नाही. मी कडेच्या फरसबंदीवरून चालत पूल पार केला, परत आले आणि पुन्हा गेले. दोन्ही बाजूंना जुन्या नक्षीचे दिवे आहेत. इंजिनिअरिंगमध्ये अशी नजाकत असू शकते हे बघायला तरी तिथे जा.

आता होडी. मुख्य गोष्ट होडीच आहे.

ल्वारच्या होडीला 'तू' म्हणतात. सपाट तळ, समोरचा भाग चपटा आणि वर उचललेला, जाड फळ्यांची. पाण्यात ती वीतभरच बुडते. मागे छोटी लाकडी खोली असलेल्या अशा होड्या आता रात्रभर मुक्कामाला भाड्याने मिळतात. आमचा नावाडी पांढऱ्या मिशांचा, निळा सदरा आणि गळ्यात लाल रुमाल. हातात लांब बांबूएवढी काठी, टोक लोखंडी. तिला बुर्द म्हणतात. तो ती पाण्यात टोचायचा, खांद्याला टेकवायचा आणि होडीच्या काठावरून मागे मागे चालत जायचा, म्हणजे होडी पुढे. बघताना सोपं वाटतं. मला धरायला दिली तर काठी वाळूत रुतली आणि मी काठीबरोबर मागे राहते की काय अशी वेळ आली. भाची हसून हसून लोळली.

पण खरी करामत त्याच्या डोळ्यांत होती. पाणी वाचायचं कसं ते त्याने शिकवलं आणि भाचीने मराठीत आणलं. पृष्ठभाग गुळगुळीत, तेलकट दिसतोय? खोल आहे. बारीक सुरकुत्या पडल्यात? खाली वाळू वर आलीय, जायचं नाही. एक रेष आडवी चाललीय आणि तिच्यापुढे पाण्याचा रंग एकदम काळवंडलाय? वाळूची पायरी संपते तिथे, पाय टाकला की माणूस गायब. मग मला नदीभर तेच दिसायला लागलं. गुळगुळीत, सुरकुती, रेष, काळोख. तासाभरात मी बोटाने दाखवायला लागले, "इथून, इथून जा!" आणि तो मान हलवून त्याच वाटेने गेला. त्याने माझं मन राखलं असेल, मला चालतंय.

या होडीला चौकोनी शीड असतं आणि त्यामागे भूगोलाची इतकी सुंदर सोय आहे की ऐकून माझे हात आपोआप जोडले गेले. ओर्लेआँपासून समुद्रापर्यंत नदी पश्चिमेला वाहते. आणि वारा? तो बहुतेक करून समुद्राकडून, पश्चिमेकडून पूर्वेला येतो. म्हणजे समुद्राकडे जायचं तर प्रवाह नेतो, परत यायचं तर वारा आणतो! शतकानुशतकं मीठ, वाइन, कापड, साखर, दगड, सगळं याच सोयीवर चाललं. होड्या एकामागे एक बांधून त्यांची गाडी करायचे. पूल आला की डोलकाठी आडवी पाडायची, पूल गेला की उभी करायची. वरच्या भागातून, सँ-एतिएनच्या कोळशाच्या मुलखातून, देवदाराच्या कच्च्या होड्या खाली यायच्या, त्या परत जातच नसत. माल उतरला की होडी मोडून तिचं लाकूड विकून टाकायचं. ओर्लेआँला पोहोचेपर्यंत वाइन आंबायची, म्हणून ते शहर व्हिनेगरसाठी नावाजलं, असं तिथे सांगतात. तोट्यातून धंदा काढणं म्हणतात ते हेच.

पुढे वाफेच्या बोटी आल्या. बॉयलर फुटून लोक मरायचे, म्हणून १८३० च्या दशकाच्या शेवटी एका नव्या बोटसेवेने बोटींना नावच दिलं 'न फुटणाऱ्या'! पण त्यांनाही फार दिवस मिळाले नाहीत. १८४६ मध्ये रेल्वे तूरला आली, १८५१ मध्ये नाँतला, आणि नदीवरची वाहतूक बघता बघता आटली. बंदरं ओस पडली. माझं तर स्पष्ट मत झालंय की ल्वारचं भाग्य इथेच उघडलं. नदी बिनकामाची ठरली, म्हणून तिला सरळ करायला, खोदायला, सिमेंटमध्ये बसवायला कोणी आलं नाही. सेनचं, ऱ्हाइनचं, रोनचं काय झालं बघा. त्या कामाच्या नद्या.

जुन्या होड्यांची कला मात्र जवळजवळ मेलीच होती. गेल्या काही दशकांत गावोगावच्या हौशी मंडळींनी जुन्या चित्रांवरून, म्हाताऱ्यांच्या आठवणींवरून त्या पुन्हा बांधल्या. ओर्लेआँला २००३ पासून दर दोन वर्षांनी सप्टेंबरमध्ये नदीचा उत्सव भरतो आणि धक्क्यावर शिडांची गर्दी होते. मला तो बघायला मिळाला नाही, म्हणून परत जायला कारण आहे.

सायकलबद्दल मी काय आणि किती सांगू! नव्हेरजवळून थेट समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरची सायकलवाट आखलेली आहे, आणि ती अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय सायकलमार्गाचा भाग आहे. जागोजागी पाट्या, चढ जवळजवळ नाहीत. वाट बरीचशी बांधावरून जाते. हे बांध म्हणजे पुराला रोखायला बाराव्या शतकापासून रचत आणलेली मातीची भिंत. एका बाजूला खाली नदी, दुसऱ्या बाजूला त्याहून खाली घरं, भाज्यांचे मळे, शाळा. सायकलवरून जाताना हे लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. नदीची पातळी वाढली तर ही घरं थेट पाण्याखाली. तसं झालंय. १८४६, १८५६, १८६६, दहा-दहा वर्षांच्या अंतराने तीन भयंकर पूर आले, बांध फुटले. एका गावात घराच्या दगडी भिंतीवर या तिन्ही सालांच्या रेघा कोरल्या आहेत. सगळ्यांत वरची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. त्याच भिंतीला जिरेनियमच्या कुंड्या टांगलेल्या. ब्ल्वा शहराजवळ तर पुराच्या पाण्याला जायला मोकळी वाट हवी म्हणून नदीच्या वाटेतली एक वस्तीच हटवली. उन्हाळ्यात ही नदी गुडघाभर पाण्याची, गरीब गाय. हिवाळ्यात आणि वसंतात तिच्या वाटेला जाऊ नये.

सायकल चालवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. माहितीपत्रकं तुम्हाला नदीबरोबर पश्चिमेकडे जायला सांगतील. जुने नावाडी ज्या वाऱ्यावर वर यायचे तोच वारा मग दिवसभर तुमच्या तोंडावर. शक्य असेल तर समुद्राकडून पूर्वेला या. किंवा माझ्यासारखी बॅटरीवाली सायकल घ्या आणि कुणाला सांगू नका. दमलात तर उन्हाळ्यात ओर्लेआँपासून समुद्रापर्यंतच्या आगगाडीत सायकलींसाठी खास जागा असते. चालणाऱ्यांनीही वाईट वाटून घेऊ नये. फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या खुणा केलेल्या पायवाटांपैकी पहिला तुकडा १९४७ मध्ये ओर्लेआँ ते बोजाँसी असा याच नदीकाठी आखला गेला.

कनू घेतली ती शोमाँच्या राजवाड्याखालून आंब्वाझपर्यंत. देणाऱ्या मुलीने जीवरक्षक जाकीट आवळून बांधलं आणि बोट उगारून नियम सांगितले. पाण्यात पोहायचं नाही, ल्वारमध्ये बहुतेक ठिकाणी बंदीच आहे. पुलाखालून फक्त खूण केलेल्या कमानीतून जायचं. आणि पाटी असेल त्या वाळूच्या बेटावर पाय ठेवायचा नाही, कारण वसंतापासून भर उन्हाळ्यापर्यंत कुररी पक्षी तिथे उघड्या वाळूवरच अंडी घालतात. घरटं वगैरे काही नाही, खळगा आणि अंडी! अंड्याचा रंगही वाळूचाच. कनूतून जाताना तो छोटा पांढरा पक्षी, काळी टोपी, पिवळी चोच, हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि दगड टाकावा तसा पाण्यात पडतो. वर येतो तेव्हा चोचीत मासा. मी वल्हवायचं विसरले. कनू आडवी झाली, एका बेटाला लागली (पाटी नसलेल्या!), आम्ही उतरलो आणि तिथेच ब्रेड आणि सँत-मोर चीज काढलं. बकरीच्या दुधाचं हे चीज लांबट गोल, बाहेरून राखेने करडं, आणि मधोमध आरपार एक गवताची काडी घातलेली असते. काडी ओढून काढायची आणि चकत्या कापायच्या. पलीकडच्या काठावर कुरतडून पाडलेलं एक वाळुंजाचं झाड होतं, पेन्सिलीला टोक काढावं तसं. बीव्हरचं काम. इथून नाहीसे झालेले बीव्हर १९७० च्या दशकात ब्ल्वाजवळ पुन्हा आणून सोडले, आता नदीभर पसरलेत.

तूरच्या विल्सन पुलाची हकिगत मात्र प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात फ्रेम करून लावावी. अठराव्या शतकातला भक्कम दगडी पूल. दोनशे वर्षं पूर सोसले, युद्धं सोसली. आणि ९ एप्रिल १९७८ रोजी सकाळी त्याच्या कमानी एकामागून एक नदीत कोसळल्या. शहराची पाण्याची वाहिनी त्याच पुलावरून जात होती, तीही तुटली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. कारण काय? बांधकामासाठी नदीतून बेसुमार वाळू उपसली, नदीचा तळ खाली गेला आणि खांबांखालचे लाकडी खुंट उघडे पडून कुजले. पूल पुन्हा पूर्वीसारखाच बांधला आणि पुढे नदीच्या पात्रातला वाळूउपसा बंद केला. आता त्याच पुलाच्या पायथ्याशी उन्हाळाभर उघड्यावरचं उपाहारगृह चालतं. झाडांना रंगीत दिवे, लांब बाकडी, एका कोपऱ्यात अकॉर्डियन. सत्तरीच्या जोडप्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळी नाचतात. भाचीने मलाही ओढलं. नाचले.

'युरोपातली शेवटची रानटी नदी' असं ल्वारला सगळीकडे म्हणतात, आणि हे मात्र मला पूर्ण पटलेलं नाही. दांपिएरला अणुभट्ट्यांचे चार अवाढव्य मनोरे सायकलवरून कितीतरी वेळ दिसत राहतात. अशी चार अणुवीज केंद्रं या नदीचं पाणी वापरतात. बांध आहेत, वर धरणं आहेत, उन्हाळ्यात पाणी कमी पडू नये म्हणून ती धरणं मोजून पाणी सोडतात. पण आणखी धरणं झाली नाहीत याचं श्रेय माणसांना आहे. १९८० च्या दशकात सेर-द-ला-फार इथे नवीन धरण ठरलं होतं. लोकांनी १९८९ मध्ये तिथे मुक्काम ठोकला आणि तंबू-झोपड्यांत पाच वर्षं काढली. १९९४ मध्ये सरकारने ते धरण रद्द केलं. इतकंच नाही, सामन माशाला वर जाता यावं म्हणून उपनद्यांवरची काही जुनी धरणं १९९८ पासून पाडली! तेव्हा रानटी कसली, ती लोकांनी भांडून राखलेली नदी आहे, आणि मला वाटतं हे बिरुद जास्त मोठं आहे.

राजवाड्यांबद्दल तुम्ही विचारणारच. सुली ते शालोन असा २८० किलोमीटरचा खोरेपट्टा २००० पासून जागतिक वारसा आहे. आंब्वाझला लिओनार्दो दा विंची १५१९ मध्ये वारला. जगप्रसिद्ध शाँबोर मात्र ल्वारवर नाहीच, ते आत एका छोट्या नदीवर आहे. त्याचे दगड मात्र ल्वारनेच आले, सँ-दिए बंदरावर उतरले. मला ते रिकामं, उतारावर गवत वाढलेलं बंदर राजवाड्यापेक्षा जास्त आवडलं, घरच्यांना हे सांगितलेलं नाही. खाली सोम्यूरच्या बाजूला तुफो नावाचा मऊ पांढरा दगड लागतो. राजवाडे त्याचेच, आणि तो काढून झाल्यावर उरलेल्या गुहांत आज वाइन मुरते, अळिंबी पिकते, माणसं राहतात. अशाच एका गुहेत लाकडाच्या भट्टीतून टम्म फुगून येणारी छोटी पोळी, फुए, खाल्ली. फोडायची, आत लोणी, शेंगदाण्यांएवढे पांढरे वाल आणि अळिंबी भरायची. शाकाहाऱ्यांनो, ल्वारकाठी उपाशी राहणार नाही याची हमी देते.

नाँतला भरती-ओहोटी जाणवते आणि नदी करडी, रुंद, गंभीर होते. या शहराचं वैभव गुलामांच्या व्यापारातून आलं. फ्रान्समधलं ते या व्यापाराचं सगळ्यांत मोठं बंदर. भारतातून आलेलं छापील सुती कापड आणि त्याच्या इथेच छापलेल्या नकला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात दिल्या जात. धक्क्यावर २०१२ पासून स्मारक आहे. जमिनीत बसवलेल्या काचांवर १,७०० हून अधिक सफरींच्या जहाजांची नावं आणि सालं. त्या काचांवरून चालताना माझी बडबड पहिल्यांदा थांबली.

पुढे कुएराँला नदी ओलांडायला तरीची बोट आहे, सायकलसकट, फुकट! पाण्यात कलंडलेलं एक आख्खं घर दिसतं, तो पूर नाही, कलाकृती आहे. सँ-नाझेरला साडेतीन किलोमीटरला जरा कमी असा १९७५ चा उंच पूल. त्यापलीकडे सँ-ब्रव्हँच्या किनाऱ्यावर हुआंग योंग पिंग या शिल्पकाराने उभारलेला सापाचा १३० मीटर लांब धातूचा सांगाडा, भरतीला बुडतो, ओहोटीला वर येतो. सायकलवाट तिथे संपते. समुद्र सुरू होतो.

तर आता ऐका. पॅरिसला जाणार असाल तर एक दिवस कमी करा, दोन करा. ऑस्टरलिट्झ स्थानकावरून ओर्लेआँला तासाभरात गाडी पोहोचते. मे-जून किंवा सप्टेंबर धरा, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि ऊन दोन्ही. सायकल तिथेच भाड्याने घ्या. राजवाडा एकच बघा, कोणताही चालेल. पण तूच्या होडीत संध्याकाळी बसाच, आणि कनू घेतलीत तर बेटावरची पाटी वाचल्याशिवाय पाय ठेवू नका.